संच अपुरा

नाटकाचं नाव सांगणार नाही.
सांगितलं, तर उद्या सकाळी
पुण्याहून एक, मालेगावहून एक
चपला न काढता माझ्या जिन्यात उभे राहतील.
एवढंच सांगतो : लाखेच्या आठ तबकड्या,
सात माझ्याकडे, नाशिकरोडला.
आठवी अंबादास कासाराकडे, भांडी बाजारात.

मी नोट प्रेसमधला माणूस.
एकतीस वर्षं नोटांवरचे आकडे डोळ्यांखालून घातले,
शाई फुटलेली, कड चुकलेली वेगळी काढली.
घरी आलो की भिंगाखाली दुसरे आकडे :
जिथे गाणं संपतं आणि सुई नुसतीच फिरते
तिथे, लेबलाच्या कडेला, कुणीतरी कोरलेले.
बायको म्हणायची, तिकडे पैशांचे मोजता, इथे कशाचे?
रिठ्याच्या पाण्यात मलमल बुडवून
मी खाचा पुसत राहायचो.

आमची गाठ बुधवारच्या बाजारात,
गोदाघाटावर, भंगाराच्या गोणपाटापाशी.
पहाटे दोघंही गुडघ्यांवर,
कुलपं, कप्प्या चाळल्यासारखं करत,
नजर खालच्या गठ्ठ्यावर.
"काय मिळालं?"
"काही नाही, खरवड."
आणि पिशवी पाठीमागे.

त्याने सातांचे पैसे देऊ केले, मी आठवीचे.
कळशी पुसता पुसता एकदा म्हणाला,
"तुमच्या सात माझ्या एकीवाचून अडल्यात, क्षेमकल्याणी."
मी म्हणालो, "आणि तुमची एक?"
चहा न पिता निघालो.

पूर आला त्या साली दुकानात कमरेएवढं पाणी.
पितळी घागरी रस्त्याने होड्यांसारख्या निघाल्या
आणि हा डोक्यावर पेटी धरून माळ्यावर.
लोक हसले. मी हसलो नाही.
मी फोन करून विचारलं,
आठवी भिजली का?
तू कसा आहेस, हे विचारायचं राहिलं.

तो गेल्याचं मला भंगारवाल्याकडून कळलं.
महिनाभर थांबलो.
कसा थांबलो ते माझं मला माहीत.

त्याच्या लेकीने, छायाने,
वर्तमानपत्रात बांधून ठेवलीच होती.
"नाशिकरोडचे ना? बाबा म्हणाले होते, येतील."
पैसे घेईना.
मग दारातच विचारलं,
"ती बाई आधी कोण असते हो?
आमच्याकडे एकदम रडतच येते.
आणि म्हातारे गृहस्थ कुठून परत आलेत?
बाबांना कळलंच नाही शेवटपर्यंत.
अंदाज करायचे. दर दिवाळीला नवा."

बाई रडते, हे मलाच कुठे माहीत होतं.
माझ्या सातवीच्या शेवटी बैलगाडी थांबते,
बाई दिवा घेऊन ओसरीवर येते, म्हणते, "कोण?"
आणि सुई आत सरकते. खर्र. खर्र.
सव्वीस वर्षं ते "कोण" माझ्या खोलीत उभं.

मी बसलो. पहिल्या बाजूपासून सगळं सांगितलं,
मध्ये येणाऱ्या पेटीसकट.
ती ऐकत होती, मग चहा टाकायला उठली,
आणि आतून, स्टोव्हच्या आवाजावर,
नाकातल्या त्या जुन्या सुरात म्हणाली,
"पाट मांडलेत… मांडलेत… मांडलेत… बसा."

"तीनदा म्हणते?"
"नाही हो, तिथे चरा आहे.
बाबा बोटाने सुई पुढे ढकलायचे.
मला तसंच पाठ झालंय."

शालीमारहून बस. तबकडी मांडीवर.
पाऊण तास. एवढंच अंतर होतं.

रात्री वही काढली. "संच" या रकान्यात
माझ्याच अक्षरात : अपुरा.
पेन उघडलं, मिटलं.
चावी भरून आठवी लावली.
बाई खरंच रडत आली.
चरा आला.
बोट पुढे नेलं, मागे घेतलं.

मांडलेत. मांडलेत. मांडलेत.
चावी उतरत गेली तसा आवाज जड होत गेला,
बाईचा होता तो पुरुषाचा झाला,
मग कुणाचाच नाही.
"बसा" काही आलं नाही.